भुईटाकीच्या तोंडावर

जयमाला मला चारचौघांत उलटून विचारते. सुनेनं सासूला एखादी गोष्ट विचारावी, उत्तर मिळालं की पदर खोचून कामाला लागावं, अशी आमच्यात रीत. ही बाई उत्तर मिळाल्यावर पुन्हा तेच विचारते, जणू माझं पहिलं उत्तर तिच्या कानावर पडलंच नाही. त्या शुक्रवारी सकाळी तिनं मला एकच गोष्ट तीन वेळा विचारली. तीही भुईटाकीच्या तोंडाशी, निम्मी वस्ती कान टवकारून उभी असताना.

"आत्या, आत काय ठेवलंवतं का?"

"काय ठेवणार? दागिनं?" मी म्हणाले.

बायका हसल्या. ती हसली नाही. गुडघ्यावर बसून तिनं उघड्या झाकणातून तोंड आत घातलं, लगेच वर काढलं.

"वास येतोय. आत काय जळलंय का?"

"बंद टाकीला वास यायचाच. तुझ्या माहेरी अत्तर येत असंल."

पुन्हा हशा. माझा धाकटा हणमंत, तिचा नवरा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, खराटा काखेत धरून तयार उभा होता. तोही हसला. तिनं त्याचा दंड धरला आणि माझ्याकडं बघत तिसऱ्यांदा विचारलं, "खरं सांगा आत्या. काय ठेवलं न्हवतं नव्हं?"

"न्हाई म्हटलं ना! आता काय तुळस उचलू?"

मी खोटं बोलत होते.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. आमची खिलारवस्ती माळावर आहे, पस्तीस उंबऱ्यांची. खालच्या गावावरून पाइपानं आम्हाला पाणी येतं ते चार दिवसांतून एकदा, दोन तास. ते साठवायला सरकारनं आम्हाला जमिनीच्या पोटात टाकी बांधून दिली. तिला आम्ही भुईटाकी म्हणतो. पन्नास हजार लिटरची, दीड पुरुष खोल. वर सिमेंटचा स्लॅब आणि स्लॅबच्या दोन टोकांना दोन लोखंडी झाकणं. एका झाकणाखाली भिंतीत उतरायच्या पायऱ्या आहेत. दुसऱ्याखाली पायरी नाही, तिथं फक्त पाणी पडायच्या पाइपाचं तोंड. मी दुसरीत शाळा सोडलेली बाई, पण पाणी समितीची अध्यक्ष मीच होते, कारण वस्तीत माझ्यासमोर आवाज चढवणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पाण्यात अळ्या निघाल्या. शेजारची शेवंता पेला घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या टाकीत ही लेकरं पवायला शिकत्यात, जरा बगा." तो टोमणा मला विंचवासारखा लागला. ग्रामसेवक आला, पांढऱ्या पावडरीची गोणी देऊन गेला. टाकी धुवायची, एवढी एवढी पावडर टाकायची, दुसरं काहीही करायचं नाही, असं सांगून त्यानं माझी सही घेतली. सही केली मी. पण त्या पावडरीचा वास मला कधी सोसला नाही, आणि वासानं अळी मरते यावर माझा विश्वास नव्हता. माझ्या आईनं धान्याच्या कणगीला कायम कडुलिंबाची धुरी दिली, एक किडा कधी दिसला नाही. धान्याचा किडा आणि पाण्याचा किडा, दोघांना नाक एकच असणार.

म्हणून गुरुवारी दिवेलागणीला मी एकटीच टाकीवर गेले. टाकीत तळाशी चार बोटं पाणी राहिलं होतं. दोन घमेल्यांत शेण्या पेटवल्या, वर कडुलिंबाचा ओला पाला दाबला आणि घमेली तारेनं बांधून पाण्याच्या वर अधांतरी सोडली. दोन्ही झाकणं लावली. पहाटे जाऊन घमेली वर ओढली आणि झाकण पुन्हा लावलं. धुरीचा गुण उडून जाऊ नये म्हणून. कुणाला काही बोलले नाही. पावडरीसाठी सही करणारी अध्यक्षीणबाई धुरी घालते, असं ग्रामसेवकाच्या कानावर गेलं असतं तर तो महिनाभर हसला असता. घमेली मी गोठ्यामागं पालथी घातली. कुणी बघितलं नाही असं मला वाटलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला पाणी सुटायचं. त्याच्या आत टाकी धुऊन झाली नाही तर वस्तीला आणखी चार दिवस कोरडे. दहा वाजून गेले होते.

"दुसरं झाकण तर उघडू," जयमाला म्हणाली. "कंदील सोडून बघू आत."

"ते झाकण उघडायचं न्हाई. ऊन आत गेलं की शेवाळ धरतं. पाच वर्सं झाली हा नेम हाय माझा."

"घटकाभर ऊन गेल्यानं..."

"जयमाले, तू समितीत हायेस का?"

"न्हाई."

"मग बाजूला हो. ऊतर रं हणमंता."

हणमंत तिच्या हातावर हलकेच चापट मारून म्हणाला, "आगं, टाकी धुवाय चाललोय, मुंबईला न्हवं." आणि पायऱ्या उतरून गेला.

मी झाकणाशी खाली बसले. वर थोरला भगवान बादलीचा दोर धरून उभा होता, त्याच्या मागं भावकीतला शंकर. खालून खराट्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. पहिली बादली गाळानं भरून वर आली. दुसरी आली.

"आई," हणमंताचा आवाज घुमत आला, "डोळं चुरचुरायलेत गं."

"गाळ उडतोय. डोळं मिटून घास."

"डोळं मिटून कसं घासू? शेवंताकाकूच्या अळ्यांना इचारून?"

सगळे हसले, शेवंताही हसली. तिसरी बादली वर आली ती अर्धीच. भगवाननं ती ओतली आणि दोर पुन्हा खाली सोडला. खराटा लांब लांब जात होता, पाइपाच्या टोकाकडं. खर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग एकदा खर्र.

मग काही नाही.

"हणम्या, बादली भर की," भगवाननं हाक मारली.

दोर हलला नाही.

"हणम्या!"

खालून आमचाच आवाज परत आला. मला अजून आठवतं, माझ्या तोंडात पान होतं आणि ते एकदम मातीसारखं लागलं. मी वाकून बघितलं. पायरीखाली थोडा उजेड होता, त्यापलीकडं काळोख. त्या काळोखातून ना पाण्याचा आवाज, ना माणसाचा. माणूस जिवंत असला की काही ना काही वाजतं. खोकतो, पाय हलवतो. तिथं काही वाजत नव्हतं.

"घसरून पडलाय," भगवान म्हणाला. दोर टाकला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवायला वाकला.

जयमाला कुठून आली मला कळलं नाही. तिनं भगवानच्या छातीला दोन्ही हात लावून त्याला असा ढकलला की तो स्लॅबवर पाठीवर पडला. आणि ती भुईटाकीच्या तोंडावर आडवी बसली. एक पाय या कडेला, दुसरा त्या कडेला, दोन्ही हातांनी लोखंडी चौकट धरून. आत जायला वाटच ठेवली नाही.

"कुणी उतरायचं न्हाई," ती म्हणाली.

"आगं नवरा हाय तुझा आत!" शेवंता ओरडली.

"कुणी उतरायचं न्हाई. दुसरं झाकण उघडा आधी. दादा, जावा, उघडा ते!"

मी तिला मारलं. उठून कानाखाली मारलं, मग केसाला धरून ओढलं. माझ्या हातात तिचा अंबाडा सुटून आला पण ती हलली नाही. "ऊठ सटवे! माझं पोरगं मरतंय आत. ऊठ!" मी काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. तिच्या ओठातून रक्त आलं, ते तिनं पुसलंही नाही. हात सोडला असता तर आम्ही तिला उचलली असती. तिला ते ठाऊक होतं.

"मारा," ती म्हणाली. "दादा आत गेलं की दोन मरतील. मग त्येंच्यामागं शंकरभाऊजी उतरतील. मग तिघं. आत्या, झाकण उघडा आन् कंदील आणा. पाया पडते, कंदील आणा."

कंदील म्हटल्यावर मला एकदम पेव आठवलं.

माझ्या माहेरी पेव होतं. जमिनीतलं धान्याचं पेव. ते उघडलं की सकाळपासून दुपारपर्यंत तसंच उघडं ठेवायचं आणि आधी पेटता दिवा सोडायचा. दिवा विझला की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. माझा आजा सांगायचा, पेवात वायू धरतो, तो माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण ते धान्याचं. पाण्याला कसला आलाय वायू, असं मी धरून चालले होते.

शेवंतानं घरातनं पेटता कंदील आणला. मी तो माझ्या हातानं दोराला बांधला. जयमालेनं एक मांडी जराशी उचलली, तेवढ्या फटीतून मी तो सोडला. पहिल्या पायरीपर्यंत नीट जळत होता. दुसऱ्या, तिसऱ्या पायरीशी ज्योत पिवळी झाली, मग लाल झाली. हातभर आणखी खाली गेला आणि काचेत नुसती काजळी राहिली.

 भगवान उठून बसला होता, त्यानंही ते बघितलं आणि तो दुसऱ्या झाकणाकडं धावला. माझा पाच वर्षांचा नेम त्यानं पहारीनं उचकटून बाजूला फेकला.

तिथनं ऊन आत पडलं आणि हणमंत दिसला.

तो भिंतीला टेकून कलंडला होता. पाय पाण्यात, मान एका खांद्यावर, खराटा अजून मुठीत. तोंड लालबुंद. मी त्याच्या नावानं ओरडले. त्याच्या नाकाशी एक माशी बसली होती का नुसता गाळ होता, ते मला वरून कळेना, आणि त्या वेळी मला जगात तेवढंच कळून घ्यायचं होतं.

तेवढ्यात पाइप वाजला.

ज्यांच्याकडं रोज पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही. चार दिवस पाइप रिकामा असतो. खाली गावात चावी सुटली की पाणी आधी पाइपातला वारा पुढं रेटतं. पंधरा-वीस मिनिटं नुसता वारा, फुसफुस करत, जोरानं, आणि मग पाणी. आम्ही त्या आवाजावर घागरी मांडतो. त्या दिवशी तो आवाज ऐकून मी पाइपाकडं बघितलं. पाइपाचं तोंड हणमंताच्या डोक्यावर हातभर होतं. वाऱ्यामागून पाणी येणार, चार इंची पाइपाचं, थेट त्याच्या तोंडावर.

"चावी बंद करा!" मी ओरडले. टाकीजवळ पाइपाला आमची एक चावी होती. शंकर तिकडं पळाला.

"नका!" जयमाला जागेवरून किंचाळली. "शंकरभाऊजी, हात लावू नका चावीला! वारा येतोय तो. वारा येऊ द्या!"

"आन् पाणी आलं म्हंजी?" मी म्हणाले. "बुडवून मारतीस त्याला?"

"पाणी यायला येळ हाय. आत्ता त्येला वारा पायजे. वाऱ्याबिगर त्यो पाण्याची वाटबी बघायचा न्हाई."

शंकर चावीवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता. सगळेच माझ्याकडं बघत होते. समितीची अध्यक्ष मी. वस्तीत सगळी कामं माझ्या शब्दानं व्हायची. एक चूक मी कालच करून ठेवली होती, ती फक्त मला ठाऊक होती. आता दुसरी कोणती, बंद म्हणणं की उघडी म्हणणं?

"ती म्हणती तसं करा," मी म्हणाले.

मग आम्ही वारा ऐकत बसलो. मी दोन्ही झाकणांच्या मधे, स्लॅबवर, हाताचे तळवे तापलेल्या सिमेंटला लावून. खाली पाइप फुत्कारत होता. पायऱ्यांच्या झाकणातून, जयमालेच्या मांड्यांखालून, कडवट धुरकट वास वर यायला लागला. कडुलिंबाचा. तो तिच्या तोंडावर येत होता. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. 

"कंदील," थोड्या वेळानं ती म्हणाली.

पुन्हा पेटवून सोडला. पाचव्या पायरीशी विझला.

पाइपाचा आवाज बदलला. फुसफुशीत गुळगुळ मिसळायला लागली. हा आवाजही आम्हाला ठाऊक असतो. पाणी वस्तीखालच्या ओढ्यापाशी आलं.

"जयमाले," मी म्हणाले. मला वाटतं, तिला नावानं इतक्या हळू मी पहिल्यांदाच हाक मारली.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा कंदील गेला. पाचवी पायरी, सहावी, सातवी. तळाशी, पाण्यावर वीतभर, ज्योत थरथरली, बारीक झाली आणि परत उभी राहिली. जयमाला उठली. उठताना तिचे पाय लुळे पडले, शेवंतानं तिला धरलं. "दादा, दोर कमरंला न्हाई, बगलंखालनं बांधा," ती म्हणाली. "श्वास धरून जावा. डोकं हलकं वाटलं की दोर वढा, हणमंताला तिथंच सोडून वर या. सोडून या. आयकताय का?"

आपल्या नवऱ्याला तिथंच सोडून या, असं तिनं माझ्यादेखत सांगितलं.

भगवान उतरला, चार ढांगांत पाइपाशी गेला. दुसऱ्या झाकणातून आम्ही दुसरा दोर सोडला होता. तो त्यानं हणमंताच्या काखेतून घातला. तेवढ्यात पाइपानं एक मोठी उचकी दिली आणि गढूळ पाणी दोघांच्या अंगावर कोसळलं. "वढा!" खालून आवाज आला. आम्ही सहा जणांनी, त्यात तीन बायका, दोर ओढला. हणमंताचं डोकं वर आलं, खांदे चौकटीत अडकले, मी त्याचा एक हात धरून पिळला आणि तो निघाला. शंकरनं चावी बंद केली. भगवान पायऱ्यांनी वर आला आणि स्लॅबवर उलटी करून आडवा पडला.

हणमंताचं तोंड जिवंत माणसापेक्षाही लाल दिसत होतं. जयमालेनं त्याच्या छातीवर कान ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हाय," ती म्हणाली.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला नळी लावली. डॉक्टरनं बाहेर येऊन पहिली गोष्ट विचारली, "आत धूर होता का? खरं सांगा, औषध त्यावर ठरणार."

मी तोंड उघडायच्या आत जयमाला म्हणाली, "व्हय. शेण्यांचा आन् कडुलिंबाचा. रातभर बंद हुता."

डॉक्टर आत गेला. मी तिच्याकडं बघितलं नाही.

दोन दिवस हणमंतानं डोळे उघडले नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो, मधे पिशवी ठेवून. वस्तीतल्या बायका भेटायला यायच्या आणि जयमालेकडं तिरकं बघून कुजबुजायच्या. नवरा आत असताना वर बसून राहिली. दगडाची आहे. माझ्या थोरल्या सुनेनंही तेच म्हटलं, आणि मी तिला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रभराच्या जागरणानंतर मी तिला विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं? वाऱ्याचं, कंदिलाचं?"

"माझ्या माहेरी गोबर गॅसचा खड्डा हुता," ती म्हणाली. "चुलता उतरला, वर आला न्हाई. त्येला काढाय माझा बाप उतरला. बापाला काढाय दुसरा चुलता. मी धा वर्सांची हुते, तितंच उभी हुते. दर येळंला कुणीतरी म्हणायचं, घसरून पडलाय."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं न्हाई. सोयरिकीला तुमी एवढंच इचारलं, बाप न्हाई तर मानपान कोण करणार."

ते मी विचारलं होतं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी हणमंतानं पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाला, डोकं दुखेल, विसराळूपणा राहील काही महिने, पण माणूस तुमचा परत आला. दुपारी ग्रामसेवक वही घेऊन आला. सोबत भगवान, शेवंता, आणखी पाच-सहा जण. व्हरांड्यातच त्यानं जयमालेला विचारलं, "टाकीत धूर कुणी केला होता?"

"मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली.

"पण तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत, शेण्या आणि कडुलिंब."

"वासावनं सांगितलं."

तेव्हा मला उमगलं, तिनं गोठ्यामागची घमेली बघितली होती. शुक्रवारी सकाळीच बघितली होती, म्हणून तर तीन वेळा विचारत होती. एका शब्दानं तिनं मला वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. मी तिचा ओठ फोडलेला, तो अजून सुजलेला होता. आणि ती त्याच ओठांनी मला झाकत होती. मला कुणी झाकलेलं मला चालत नाही.

"लिहा," मी ग्रामसेवकाला म्हणाले. "धुरी मी घातली. तुमच्या पावडरीवर सही करून मी धुरी घातली, आणि हिनं तीनदा विचारलं तेव्हा तीनदा खोटं बोलले. लिहा, सही करते."

तो पेन धरून बसला. शेवंतानं पदर तोंडाला लावला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. बाकावर मधली पिशवी होती ती उचलून खाली ठेवली आणि जयमालेकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जयमाले, तू उलट बोलतीस ते मला पटत न्हाई आन् मरंस्तवर पटायचं न्हाई. पर त्या दिशी तू गुणाची सून झाली असतीस, तर आज मी दोन ल्योक पुरून बसले असते. ह्याच्याम्होरं मी चुकले की अशीच आडवी बस. मी मारलं तरी उठू नगंस."